रेड्याचे चार हात

कॅरिगलाइन, १९ एप्रिल २०२०

हर्षा,

तुझा पत्ता तुझ्या मित्राकडून, विक्रांतकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याचा पिच्छा पुरवला. फोन नंबर मात्र त्यानं काही केल्या दिला नाही. तुला शब्द दिलाय म्हणाला. म्हणून हे कागदावर. सध्या विमानंच उडत नाहीत, त्यामुळे हे कॅल्गरीला कधी पोचेल कोण जाणे.

आधी कामाचं. तुझी गाडी अजून शेजारच्या नोएलच्या शेडमध्ये आहे. त्याचा मुलगा घर बांधतोय आणि सामान ठेवायला त्यांना शेड लागणार आहे. नोएल घाई करत नाही. "नो रश, रोहिणी, नो रश अ‍ॅट ऑल," म्हणतो. म्हणजे घाई आहे. अपघातानंतर तू टो करून आणून ठेवलीस तशीच ती ताडपत्रीखाली उभी आहे. विकू, भंगारात देऊ, की तू काही करणार आहेस? एका ओळीत कळव.

आई इथेच आहे. जानेवारीत तीन महिन्यांसाठी आणली होती, आता अडकली. व्हिसा आयरिश सरकारनं आपोआप वाढवून दिला. तब्येत ठीक आहे. आम्ही नवराबायको सध्या फोनवरच, संजीव ड्रोहेडाला हॉस्पिटलच्या जवळ खोली घेऊन राहतोय. आयसीयूत काम, आणि घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस, त्यामुळे त्यानंच येणं बंद केलंय. मला रिंगास्किडीला प्लँटवर जावं लागतं, औषधांचं उत्पादन थांबवता येत नाही. बाकी सगळं आयुष्य घरापासून दोन किलोमीटरच्या आत.

तू कसा आहेस हे मुद्दाम विचारत नाही. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर वाईट वाटेल. गाडीचं विचारतेय.

ताई


कॅरिगलाइन, २८ जून २०२०

हर्षा,

उत्तर नाही. पत्र हरवलं असं मी धरून चालते.

मिडल्टनहून एकजण गाडी बघायला आला होता. जुन्या अमेरिकन गाड्या घेणारा माणूस. मास्क लावून, हातमोजे घालून खाली शिरला आणि मागचं चाक धरून नुसतं हलवलं, तर सगळा मागचा भाग डुलला. मग म्हणाला, "इंजिनासाठी घेतो. बाकीची गाडी मेलेली आहे." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण मला का कोण जाणे राग आला. मी नाही म्हणाले. तो गेल्यावर नोएलनं विचारलं, "मग आता?" मी म्हणाले, "मागचं काम करून घेते. मग विकते." तो म्हणाला, ग्रँड. नाताळपर्यंत शेड वापर म्हणाला.

काम काय आहे हे तुला सांगायला नको, पण मला स्वतःशी मांडून बघायला बरं वाटतं. मागचा ॲक्सल गाडीच्या सांगाड्याला चार हातांनी धरलेला असतो, दोन खाली, दोन वर. सत्तर सालातले हे कंट्रोल आर्म म्हणजे पत्रा वाकवून केलेली उघडी पन्हळ. एवढं मोठं इंजिन जोर लावतं तेव्हा ते पिळले जातात, आणि टोकांचे रबरी बुश गेले की ॲक्सल वाट्टेल तिकडे सरकतो. चारही बदलायचे, बंद नळीचे घालायचे. चिंचवडच्या पहिल्या नोकरीनंतर मी हात काळे केले नव्हते. आता करते. प्लँटवर दिवसभर पांढरा कोट, टोपी, मोजे. शनिवारी ग्रीस.

आईला घरात एकटी ठेवायला नको म्हणून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसवते. मला धास्ती होती. ही गाडी बघून ती काय करेल, काय बोलेल. आप्पा हिला रेडा म्हणायचे, आठवतं? हिच्या आवाजावरून. आईनं बघितलं आणि म्हणाली, "केवढी थोरली गाडी गं. कुणाची?"

मी म्हणाले, "हर्षाची."

"मग त्येला सांग की दुरुस्त कर म्हणून. तू कशाला राबतीस?"

मला वाटलं, विषय टाळतेय. बरं झालं म्हटलं. मटार सोलत बसली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "केवढी थोरली गाडी गं. कुणाची?"

वय झालं. बाकी ठीक आहे.

ताई


कॅरिगलाइन, १३ सप्टेंबर २०२०

हर्षा,

आज डिकी उघडली. कुलूप गंजलं होतं, नोएलनं तेल सोडून उघडून दिलं आणि तो निघून गेला.

आत खोका होता. टेप तसाच. वर तुझं नाव, कॉर्कमधला तुझा जुना पत्ता, अमेरिकेतून आलेला. कापून बघितला. चार कंट्रोल आर्म, नळीचे, काळे, नवे बुश बसवलेले, सोबत बोल्टची पिशवी आणि ग्रीसची छोटी ट्यूब. मी गेला महिनाभर जे शोधत होते तेच. पोस्टाचा शिक्का अपघाताच्या आदल्या आठवड्यातला आहे.

मी डिकीच्या काठावर बसले.

म्हणजे तुला माहीत होतं. मागचं ढिलं झालंय हे तुला कळलं होतं, तू सामान मागवलं होतंस, ते येऊन पडलं होतं, आणि तरी, आईआप्पा इथे आले असताना, त्या पावसात आप्पांना घेऊन क्रॉसहेवनच्या रस्त्याला गेलास. वळणावर मागचा भाग सुटला, गाडी फिरली, बांधावर आदळली. आप्पांचं खुब्याचं हाड मोडलं. कॉर्कला ऑपरेशन, मग कराडला नेलं ते खुर्चीवरून, आणि थंडीत न्यूमोनिया.

तेराव्याला आई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "तुझ्या गाडीनं माझा माणूस खाल्ला." काका, मामा, शेजारी, सगळे होते. मला वाटत होतं तू काहीतरी बोलशील. रस्ता ओला होता, पलीकडून गाडी आली, काहीतरी. तू नुसता खाली मान घालून उभा राहिलास. दोन महिन्यांत कॅनडाला गेलास. मी इतकी वर्षं समजत होते की तू आईच्या बोलण्यावर रुसून गेलास. मला तुझा राग यायचा. म्हातारीच्या दुःखातल्या एका वाक्यावर माणूस इतकं ताणतो?

आता कळलं, तू रुसला नव्हतास. तुला ते पटलं होतं.

ह्यावर काय लिहू ते समजत नाही. आर्म घरी आणून हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलेत, टॉवेलांच्या खाली. शेडमध्ये ओल फार आहे.

ताई


कॅरिगलाइन, ८ नोव्हेंबर २०२०

हर्षा,

पुन्हा सगळं बंद. पाच किलोमीटर.

मागच्या पत्रांत मी तुला आईबद्दल खरं लिहिलं नाही. तू येणार नाहीसच, मग तुला कशाला त्रास, असा माझा हिशोब होता. त्यात थोडा राग पण होता. आता लिहिते.

जानेवारीत तिला मी हौसेनं आणली नव्हती. शेजारच्या स्नेहलतावहिनींचा फोन आला होता, की आई नळ उघडा ठेवून देवळात जाते आणि दाराशी येऊन किल्ली कशी फिरवायची ते विसरते. इथे आल्यावर दूध करपलं, मग भांडं जळालं, मग एकदा गॅस नुसताच सुरू. गेल्या महिन्यात मी एका मीटिंगमध्ये होते, घरातूनच, हेडफोन लावून. तेवढ्यात ती बाहेर पडली. पायात सपाता, अंगावर माझा रेनकोट. राउंडअबाउटच्या मधल्या गवतावर उभी होती. एका गार्डानं, इथल्या पोलिसानं, आणून सोडली. "शी वॉज लुकिंग फॉर अ बस," तो म्हणाला. कराड स्टँडची बस शोधत होती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्मृतिभ्रंश. सुरुवात नाही, मधला टप्पा. मी अर्धवेळ घेतलंय. एक बाई, लोरेन, मी प्लँटवर असते तेव्हा येते. आई तिच्याशी मराठीत बोलते, ती आईशी इंग्रजीत, आणि दोघींचं छान चालतं. माझ्याशी मात्र आई भांडते. अंघोळीला नाही म्हणते. परवा मला म्हणाली, "तू कोण मला सांगणारी? माझी लेक येऊ दे, मग बगते."

मी दमलेय, हर्षा. संजीव महिन्यातून एकदा येतो, टेस्ट करून, आणि आला की झोपतो. त्याला काही बोलवत नाही.

शनिवारचे दोन तास शेडमध्ये असते तेवढेच माझे. नोएलनं पक्के स्टँड दिलेत, नाताळची मुदतही वाढवून दिली. एका वेळी एकच आर्म सोडायचा, नाहीतर ॲक्सल गोल फिरून जातो, हे त्यानं मला लहान मुलाला सांगावं तसं तीनदा सांगितलं. खालचा उजवा निघाला. डाव्याचा बोल्ट इतका गंजला होता की ग्राइंडरनं कापावा लागला. आर्म हातात आला तेव्हा बघितलं, पुढच्या भोकापासून चीर गेली आहे, पार कडेपर्यंत. पत्रा उघडलाय.

तुला माहीत आहे, प्लँटवर मी हेच करते. काय बिघडलं, कधी बिघडलं, कशामुळे. मी तो तुकडा स्वयंपाकघरात आणला, भिंगाखाली धरला, फोटो काढले. चीर आधीची असेल, तर वळणावर तुझ्या हातात काहीच नव्हतं. आदळल्यावर पडली असेल, तर गोष्ट वेगळी. चिरेत गंज आहे. पण तीन वर्षं ओलीत पडलेल्या लोखंडात सगळीकडेच गंज आहे. नोएललाही दाखवला. त्यानं फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आधी तुटला असेल, नाहीतर बांधावर तुटला असेल. हे आता तुला कुणीच सांगू शकत नाही."

मला तुझ्यासाठी चांगली बातमी लिहायची होती. लिहिता येत नाही. जे दिसतं तेवढंच लिहिते. चीर आहे. कधीची, माहीत नाही.

ताई


कॅरिगलाइन, १४ फेब्रुवारी २०२१

हर्षा,

आज एक झालं, ते जसंच्या तसं लिहून ठेवते. माझी भर नको म्हणून लगेच बसलेय. आई पलीकडे झोपली आहे.

सकाळी मी तिची वेणी घालत होते. सध्या वेणी घालताना ती शांत असते. बाहेर नोएलनं त्याची जुनी व्हॅन सुरू केली, ती घरघरली, आणि आई एकदम म्हणाली, "ह्यांचा हट्ट लई वाईट."

मी म्हणाले, "कुणाचा? आप्पांचा?"

"मग काय तर. पोरगं म्हणत हुतं, आप्पा, आज नगं. मागचं काम ऱ्हायलंय, सामान आलंय, पुढच्या रविवारी जाऊ. तर हे म्हणाले, आरं, मी यष्टीच्या टपावर बसून मेढ्याचा घाट उतरलोय, मला काय भ्या घालतोस? काढ रेडा."

माझा हात थांबला. मी त्या दिवशी प्लँटवर होते. दारातून तुम्ही कसे निघालात हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"मग?"

"मग काय? पोरानं किल्ली खिशात घातली हुती. ह्यांनी हात पुढं केला. दिली त्यानं. बापाला किती नाही म्हणणार?"

"आई, हे तू कधी बोलली नाहीस. तेराव्याला तू हर्षाला..."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. वैतागून, बावळट प्रश्न विचारल्यावर बघायची तसं. "त्येला काय सांगायचं? त्यो तिथंच हुता की."

मग मान सरळ केली. मी परत वेणी घालायला लागले. मला वाटलं, गेलं, परत धुक्यात गेली. तर हळूच म्हणाली, "त्येला लागलं का गं?"

"कुणाला?"

"पोराला. समदी ह्यांच्याकडं धावली. त्येच्याकडं कुणी बगितलंच न्हाई."

हर्षा, तुझं मनगट मोडलं होतं. कराडला आप्पांना खुर्चीवरून उचलताना तू एकाच हातानं उचलायचास, दुसरा प्लास्टरमध्ये. आम्ही सगळे बघायचो आणि कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही. आईनं आज विचारलं. मी म्हणाले, "हो, लागलं होतं. मनगट मोडलं होतं त्याचं." ती म्हणाली, "हळद लाव." आणि मग वेणीला रिबन लाल हवी की काळी, ह्यावरून माझ्याशी भांडली.

आता नीट ऐक. तिच्या आठवणीवर आज कुणी भरवसा ठेवू नये. काल ती मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं, नंदा म्हणून हाक मारत होती. पण यष्टीच्या टपाचं ते वाक्य आप्पांचंच आहे, ते तिला रचता यायचं नाही. तू त्यांना नको म्हणाला होतास का? हे खरं आहे का, ते फक्त तूच सांगू शकतोस. मला सांगू नकोस हवं तर. स्वतःशी तरी म्हण.

ज्या वाक्यासाठी तू तीन वर्षं इतक्या लांब जाऊन बसलास, ते वाक्य ह्या घरात आता कुणाजवळच नाही. ती ते पूर्ण विसरली आहे. गाडीही विसरली, तेरावाही विसरली. तू मात्र अजून आहेस तिच्यात. किती दिवस असशील, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

खरं असेल तर ये. खोटं असेल तरी ये.

ताई


कॅरिगलाइन, ३० मे २०२१

हर्षा,

फोन झाला तरी लिहितेय. मला सवय लागली आहे आणि फोनवर तू फार बोलत नाहीस.

अनोळखी नंबर बघून मी तो उचलणारच नव्हते. लसीच्या अपॉइंटमेंटचा असेल म्हणून उचलला. तू "ताई" म्हणालास. मग तू म्हणालास, "ती म्हणाली ते खरं आहे. पण किल्ली मी द्यायला नको होती." मी म्हणाले, "आप्पांना नाही म्हणून आजवर कोण निभावलंय? मी इंजिनिअरिंगला जाण्यासाठी चार दिवस जेवले नव्हते." तू हसलास की रडलास ते लाइनवर कळलं नाही.

आणि मग तू काय विचारलंस, तर डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या पेटीच्या, कानातले जुने बुश कसे काढलेस! मला इतकं बरं वाटलं. त्या बुशांनी माझे दोन शनिवार खाल्ले होते. ते जागेवरच दाबून काढावे लागतात, आणि आपल्याकडे प्रेस कुठला. नोएलनं एक लांब आट्यांचा गज, दोन जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा घेऊन जुगाड केलं. मी पान्यानं आवळत गेले, तो टॉर्च धरून दोन मीटरवर उभा. बुश सुटला तेव्हा असा आवाज झाला की आई दारातून ओरडली, "काय मोडलंस?"

तू फोनवर अगदी गंभीरपणे मला सांगितलंस की सगळे बोल्ट आधी हलकेच लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं. नाहीतर हात चुकीच्या कोनात अडकून राहतात आणि बुश लवकर जातात. हर्षा, हे मला ठाऊक होतं. पानावर लिहून शेडच्या भिंतीला चिकटवलंय. तरी तुला सांगू दिलं.

काल ते केलं. जॅक काढला, गाडी चाकांवर बसवली, मागून दोनतीनदा दाबून हलवली आणि मग टॉर्क रेंचनं एकेक बोल्ट. शेवटच्या बोल्टला रेंच 'टक' वाजला आणि मला काहीच वाटलं नाही. खूप आनंद होईल असं वाटलं होतं. हात धुतले, आईला जेवायला वाढलं.

तिला लस मिळाली. दुसराही डोस होईल. जुलैत विमानं मोकळी करणार म्हणतात. तू यायच्या तारखेचं बोललास ते मी आईला सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही, आणि तिनं लक्षात ठेवलं तर आणखी अवघड.

ताई


कॅरिगलाइन, १९ सप्टेंबर २०२१

हर्षा,

तू गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. हे दोन दिवस वाटतं, मग नाही, असं संजीव म्हणतो. तो आता कॉर्कला बदली मागतोय. मिळाली तर रोज घरी येईल.

विमानतळावर आपण दोघंही काही बोललो नाही. म्हणून इथे बोलते.

पहिल्या दिवशी आईनं तुला ओळखलं नाही तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी तुला फोनवर तयार केलं होतं, पण ह्याला कुणी तयार होत नसतं. ती तुला म्हणाली, "बसा पावणं, पाणी आणते," आणि कपाट उघडून पेला शोधत उभी राहिली. तू उठून तिला पेला काढून दिलास. दुसऱ्या दिवशी तू चहा केलास, तिसऱ्या दिवशी तिच्या नखांना नेलकटर लावलंस आणि तिनं हात पुढे केला. मला ती नखांना हात लावू देत नाही. मला तुझा हेवा वाटला, हे पण लिहून टाकते.

आणि तो रविवार. गाडी बाहेर काढायची की नाही ह्यावर आपण दोघं सकाळभर घुटमळत होतो. नोएलच शेवटी म्हणाला, "शी वोन्ट बाइट यू, बॉय." आईनं आपणहून पुढचं दार उघडलं आणि जाऊन बसली. मी मागे.

क्रॉसहेवनच्या रस्त्यावर ते वळण आलं तसा तू इतका हळू झालास की मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. मागचा भाग अजिबात हलत नव्हता, मी त्याकडेच लक्ष देऊन बसले होते, रुळावर असावी तशी गाडी चालली होती. आणि आई म्हणाली, "चालव की रं. भितोयस कशाला?"

तू शेताच्या फाटकाशी गाडी घेतलीस आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलंस. मी मागून हात लावणार होते, पण तिनं आधी लावला. परक्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "असू दे, असू दे," म्हणत राहिली. मग विचारलं, "गाव कुठलं तुजं?"

तू म्हणालास, "कराड."

"आमचं बी," ती म्हणाली. किती आनंदली होती.

तिनं माफी मागितली नाही, हर्षा, आणि मागणारही नाही. कशाची मागायची तेच तिच्याजवळ राहिलेलं नाही. तूही मागितली नाहीस. मला वाटत होतं की ह्यातलं काहीतरी व्हायला हवं, त्याशिवाय हे मिटायचं नाही. आता तसं वाटत नाही. मिटलं की नाही तेही मला सांगता येत नाही. तू परत येताना खिडकी खाली केलीस आणि आई समुद्र आला की दरवेळी "तळं बग" म्हणत होती. माझ्या आठवणीत तेवढं पुष्कळ आहे.

आता तू न बघितलेलं. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "त्यो कराडचा पोरगा कुटं गेला?"

मी म्हणाले, "कामाला गेला, लांब."

ती म्हणाली, "त्येला म्हणावं, आईला भेटायला जात जा. वाट बगत आसंल ती."

निरोप पोचवला.

गाडी विकायची नाही, हे आपलं ठरलं. नोएलच्या मुलाचं सामान त्याच्या नव्या घरात गेलंय, त्यामुळे शेडचा प्रश्न नाही. नोव्हेंबरात तू तीन आठवडे येऊन तिला बघणार आणि मी कुठेतरी जाणार, असं तू म्हणालास. तू दुःखात बोलतोयस असं मला वाटलं, म्हणून मी तेव्हा 'बघू' म्हणाले. बघू नाही. मला हवंय ते. तिकीट काढ.

काल संजीव घरी होता. मी किल्ली घेतली आणि एकटीच बाहेर पडले. ही गाडी मी पहिल्यांदाच चालवली. स्टिअरिंग उलट्या बाजूला, बॉनेट संपतच नाही, आणि प्रत्येक सिग्नलला कुणीतरी अंगठा वर करून दाखवतं. प्लँटच्या रस्त्यानं सवयीनंच गेले, गेट मागे टाकलं आणि रिंगास्किडीच्या धक्क्यापाशी जाऊन थांबले. फ्रान्सची बोट लागलेली होती. मला वाटलं होतं मी काहीतरी विचार करेन, किंवा रडेन. इंजिन बंद केलं, सीट मागे टाकली आणि झोपले. जाग आली तेव्हा बोट निघून गेली होती आणि काचेवर बारीक पाऊस होता. फोनवर कुणाचाही मिस्ड कॉल नव्हता.

ताई